खिडकीमागचा रस्ता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोव्हेंबर उजाडला की बँकेत हयातीच्या दाखल्याची रांग लागते. यंदा त्या रांगेत मी माझ्या मोठ्या जाऊबाईंबरोबर उभी होते. त्यांचा हा पहिलाच दाखला. फेब्रुवारीत भाऊजी गेले, जुलैत कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं आणि दर नोव्हेंबरात ‘मी जिवंत आहे’ असं सांगायचं काम वहिनींकडे आलं. आमच्या पुढे काठी टेकत आलेले एक आजोबा होते. बोटांच्या रेषा झिजलेल्या, यंत्र ठसा घेईना. काउंटरवरच्या मुलीने चार वेळा बोट पुसून पाहिलं, मग मोबाइलच्या कॅमेऱ्यात चेहरा धरून काम भागवलं. मुलगी मनापासून करत होती. तिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. वहिनींनी मात्र मला हळूच विचारलं, “अगं, हे गेले तेव्हा यांना तीन महिने पत्ता नव्हता, आणि मी आहे हे मी दरवर्षी येऊन सांगायचं का?”

या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे, कारण माझ्या नोकरीची शेवटची पंधरा वर्षं याच प्रकारच्या प्रश्नात गेली. म्हणून हे पत्र लिहिते आहे. लांबलं तर क्षमा असावी, पण अर्धवट सांगून उपयोग नाही.

मी १९८६ साली बँकेत क्लार्क म्हणून लागले. तेव्हा आमच्या शाखेत जाडजूड लेजर होती आणि संध्याकाळी हिशेब जुळेपर्यंत कोणी घरी जात नसे. मग लेजर पोस्टिंगची यंत्रं आली, मग शाखेपुरते संगणक, मग कोअर बँकिंग, म्हणजे सगळ्या शाखांची खाती एकाच मध्यवर्ती संगणकावर. क्लिअरिंगची माहिती फ्लॉपीवर भरून शिपाई रिक्षाने घेऊन जायचा, तो काळ मी पाहिला आहे. २००६ मध्ये मला बेलापूरला संगणक विभागात पाठवलं आणि ‘इंटिग्रेशन’ नावाच्या लहानशा गटात टाकलं. बाहेरच्यांना आमचं काम कधी दिसलं नाही. ग्राहकाला खिडकी दिसते, एटीएम दिसतं, मोबाइलवरचं ॲप दिसतं. या सगळ्यांच्या मागे एका संगणकाची गोष्ट दुसऱ्या संगणकाला कळते कशी, हा आमचा विषय. या मधल्या भागाला मिडलवेअर म्हणतात. २०२१ मध्ये मी तिथूनच निवृत्त झाले आणि साताऱ्यात परत आले.

आधी भाऊजींचं सांगते. ते निवृत्त शिक्षक. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी गेले. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या मुदतीत, किंबहुना चौथ्याच दिवशी झाली आणि दाखला आठवड्यात हातात आला. तो दाखला संगणकावर तयार झालेला होता, त्याच्यावर क्यूआर कोड होता. म्हणजे भाऊजी गेले हे सरकारदरबारी एका संगणकाला फेब्रुवारीतच पक्कं ठाऊक होतं. पुढचे पाच महिने आम्ही दोघी ती एकच बातमी छापील कागदावर हातात घेऊन हिंडलो. निवृत्तिवेतनाचं कार्यालय, बँक, विमा, गॅस, वीजमीटर, रेशन, मतदारयादी, गावाकडची जमीन, सोसायटी. मी प्रती मोजत गेले. अकरा दिल्या. त्यातल्या चार ठिकाणी मूळ दाखला “बघून परत देतो” म्हणून ठेवून घेतला आणि त्यासाठी पुन्हा जावं लागलं.

एका विमा कंपनीचं पत्र मी जपून ठेवलं आहे. पत्रावर तारीख २८ मार्च आणि आत मजकूर असा की विमाधारकाचा मृत्यू २ मे २०२५ रोजी झाल्याची नोंद घेतली आहे. ०५/०२ हा आकडा तिथल्या संगणकाने अमेरिकी पद्धतीने वाचला, आधी महिना मग दिवस. मार्चमध्ये बसून मे महिन्यातला मृत्यू मान्य करताना त्या यंत्रणेत कुठेही कोणाला थांबावंसं वाटलं नाही. ती तारीख दुरुस्त करायला आम्हाला प्रतिज्ञापत्र करावं लागलं. त्यात भाऊजींच्या नावाची कथा वेगळीच. एका कागदावर ‘दत्तात्रय’, दुसऱ्यावर ‘दत्तात्रेय’, इंग्रजीत तीन ठिकाणी तीन स्पेलिंगं. हे तिघेही एकच गृहस्थ होते हे त्यांच्या बायकोने मुद्रांकावर लिहून द्यायचं.

सर्वांत वाईट झालं ते निवृत्तिवेतनाचं. आम्ही अर्ज देऊनही भाऊजींच्या नावाने मार्च, एप्रिल आणि मे महिन्याचे पैसे खात्यात येतच राहिले. जूनमध्ये कुठेतरी कागद पोचला, आणि बँकेने तीन महिन्यांची सगळी रक्कम एका दिवसात परत घेतली. ती घेणं नियमाने बरोबरच होतं. पण वहिनींचं कुटुंब निवृत्तिवेतन अजून सुरू झालेलं नव्हतं, आणि खातं दोघांचं मिळून एकच. त्या महिन्यात वहिनींनी दुधाचा रतीब एक लिटरचा अर्धा लिटर केला, आणि हे त्यांनी मला दिवाळीत सांगितलं, तोवर नाही. चाळीस वर्षं शिक्षकाचा संसार नेटाने केलेल्या बाईला हे करावं लागलं, याचा मला फार राग आहे.

यात कोणी लाच मागितली नाही, कोणी उद्धट बोललं नाही. खिडक्यांवरची बहुतेक माणसं सहानुभूतीने वागली. प्रत्येक कार्यालयात संगणक होता, प्रत्येकाचं स्वतःचं पोर्टल होतं. एक पोर्टल दुसऱ्याशी बोलत नव्हतं, एवढंच. त्यांच्यातला निरोप्या म्हणून एकोणसत्तर वर्षांच्या विधवेला नेमलं होतं.

आता माझ्या कामाकडे येते, कारण हे दुखणं बँकांनाही झालेलं होतं आणि त्याच्यावर इलाज सापडलेला आहे. मी बेलापूरला गेले तेव्हा आमच्या गटाच्या भिंतीवर एक मोठा कागद लावला होता. कोअर बँकिंग, एटीएमचं स्विच, कर्जाची प्रणाली, ठेवीदारांच्या करकपातीची, परकीय चलनाची, एसएमएसची, अशा बारा चौकटी, आणि त्यांच्यामध्ये रेघाच रेघा. बारा जणांनी प्रत्येकाशी थेट बोलायचं म्हटलं तर ६६ जोड्या होतात. आमच्याकडे त्यातल्या निम्म्याअधिक खरोखरच होत्या, आणि प्रत्येक जोड वेगळ्या माणसाने, वेगळ्या वर्षी, वेगळ्या पद्धतीने बांधलेली. रात्री दोन वाजता एक प्रणाली फाइल टाकायची, तीन वाजता दुसरी ती उचलायची. फाइल आली नाही तर सकाळी शाखेचं दार उघडल्यावर कळायचं. एका ठिकाणी खातेक्रमांकाचा एक आकडा वाढवला की सात ठिकाणी मोडतोड. आमच्या साहेबांच्या टेबलावर ‘काल काय आलं नाही’ अशी वहीच असे.

त्यावरचा उपाय संदेशाच्या रांगेचा, आमच्या बोलीत ‘क्यू’चा. आयबीएमचं एमक्यू हे त्यातलं जुनं नाव, १९९३ पासूनचं. कल्पना टपालपेटीसारखी आहे. पाठवणाऱ्याने संदेश रांगेत टाकायचा आणि आपल्या कामाला लागायचं. घेणारा झोपलेला असेल, बंद असेल, दुरुस्तीला गेला असेल तरी संदेश रांगेत थांबतो, हरवत नाही. २००९च्या दिवाळीत, धनत्रयोदशीच्या संध्याकाळी, आमच्याकडची एक प्रणाली अडीच तास बंद पडली होती. आम्ही सगळे घामाघूम. ती उठल्यावर रांगेतले संदेश क्रमाने एकेक उतरत गेले, आणि मध्यरात्री हिशेब मांडला तेव्हा एकही व्यवहार कमी नव्हता, एकही दोनदा झालेला नव्हता. दोनदा का झाला नाही, तर प्रत्येक संदेशाला स्वतःचा क्रमांक असतो आणि एकदा पाहिलेला क्रमांक परत आला तर घेणारा तो बाजूला ठेवतो. आपण यूपीआयने भाजीवाल्याला पैसे देतो तेव्हा पावतीवर बारा आकडी क्रमांक उमटतो ना, तो त्याच जातीचा. बहुतेकजण त्याच्याकडे बघतही नाहीत. मी अजूनही बघते.

रांगेपेक्षाही मला आवडणारी गोष्ट म्हणजे ‘जाहीर करणं’. पाठवणाऱ्याने कोणाला पाठवायचं याची यादीच ठेवायची नाही. घडलेली गोष्ट जाहीर करायची, आणि ज्यांना तिच्याशी कर्तव्य आहे त्यांनी आधीच आपलं नाव नोंदवून ठेवायचं. ही कल्पना व्यवहारात आणणाऱ्यांमध्ये एक ठळक नाव विवेक रणदिवे यांचं आहे. मुंबईत जन्मलेला हा माणूस एमआयटीत शिकला आणि १९८०च्या दशकात त्याने शेअर बाजारातल्या दलालांसाठी ‘इन्फर्मेशन बस’ बांधली. संगणकाच्या पोटात वेगवेगळे भाग एका सामाईक पट्टीला, म्हणजे ‘बस’ला, जोडलेले असतात, तसेच वेगवेगळे प्रोग्रॅम एका पट्टीला का जोडू नयेत, असा त्यांचा विचार. भाव बदलला की तो पट्टीवर जाहीर व्हायचा आणि ज्याला हवा त्याच्या पडद्यावर त्याच क्षणी उमटायचा. त्याआधी भाव बदलला का, हे पुन्हा पुन्हा विचारत बसावं लागे.

पुन्हा पुन्हा विचारण्याला आम्ही ‘पोलिंग’ म्हणायचो. झालं का? झालं का? झालं का? शंभर वेळा विचारायचं, नव्याण्णव वेळा ‘नाही’ ऐकायचं. नवीन मुलं लिहायला सोपं म्हणून असा प्रोग्रॅम लिहून आणायची आणि मी तो परत पाठवायची. वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. हयातीचा दाखला म्हणजे पोलिंग. गेलेल्या माणसाची खबर निवृत्तिवेतनाच्या यंत्रणेपर्यंत आपणहून पोचत नाही, म्हणून ती यंत्रणा दर नोव्हेंबरात प्रत्येक जिवंत म्हाताऱ्याला विचारते, “आहात का?” १० नोव्हेंबर २०१४ रोजी ‘जीवन प्रमाण’ हा संगणकावरून द्यायचा हयातीचा दाखला सुरू झाला आणि हा प्रश्न घरबसल्या विचारता येऊ लागला. पुढे चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय झाली. त्याने पुष्कळांचे हाल वाचले, हे मी स्वतः पाहिलं आहे. पण विचारण्याची पद्धत सुधारली, विचारण्याची गरज तशीच राहिली. आणि वर्षातून एकदाच विचारल्यामुळे मधल्या काळात गेलेल्याचे पैसे जात राहतात, मग ते त्याच्या बायकोच्या खात्यातून परत ओढायचे.

यानंतर नावांच्या आणि तारखांच्या भाषांतराचा प्रश्न. आमच्या नोकरीतला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत मोलाचा भाग हाच. बारा प्रणाल्यांनी एकमेकींची भाषा शिकायची नाही. मध्ये एकच ठरलेला मसुदा ठेवायचा: तारीख अशीच लिहायची, नाव या तीन भागांत, लिंग या अक्षराने, पत्ता या क्रमाने. प्रत्येकीने फक्त आपल्या भाषेतून त्या मसुद्यात आणि मसुद्यातून आपल्या भाषेत, एवढंच शिकायचं. हा नकाशा करायला आम्ही शाखांतल्या जुन्या क्लार्कांना बोलावून घ्यायचो, कारण ‘मधलं नाव’ या रकान्यात लोक खरोखर काय लिहितात हे त्यांनाच ठाऊक. बायकांच्या बाबतीत तिथे कधी वडील असतात, कधी नवरा. दोन आठवडे आम्ही त्या एका रकान्यावर भांडलो होतो. ते भांडण झालं म्हणून पुढे हजारो खाती चुकीच्या माणसाला जोडली गेली नाहीत, असं मी आजही मानते.

मग सेवाधारित रचना आली, एसओए. १९९६ पासून हा शब्द संगणक क्षेत्रातल्या विश्लेषकांच्या कागदात होता, पण आमच्यापर्यंत तो २००७-०८ मध्ये पोचला. प्रत्येक प्रणालीने आपल्याकडचं काम ‘सेवा’ म्हणून उघडं करायचं. ‘या खात्याची शिल्लक सांग’ ही सेवा एकदाच बांधायची. एटीएमने, मोबाइलने, शाखेने, सगळ्यांनी तीच वापरायची. कोणीही दुसऱ्याच्या माहितीची स्वतःकडे नक्कल करून ठेवायची नाही, कारण नक्कल शिळी होते.

यात आमच्या चुकाही झाल्या आणि त्या सांगायला हव्यात. संदेश इकडून तिकडे नेणाऱ्या मधल्या थराला ‘एंटरप्राइज सर्व्हिस बस’ म्हणत. आम्ही हळूहळू त्या बसमध्ये सगळे नियम भरत गेलो. कर्जाचे नियम, व्याजाचे नियम, कोणाला नाही म्हणायचं याचे नियम. तीन वर्षांत अशी वेळ आली की बँकेत काहीही बदलायचं तर आमच्या गटापुढे रांग लावावी लागे, आणि आमची तारीख तीन महिन्यांनंतरची. जो अडथळा काढायला आम्ही बसलो होतो तो आम्हीच झालो होतो. हे अनेक देशांत झालं. जानेवारी २००९ मध्ये ॲन थॉमस मेन्स या विश्लेषक बाईंनी ‘एसओए मेली’ असं उघड लिहिलं तेव्हा आमच्या विभागात फार चर्चा झाली. त्यांचं म्हणणं सेवेच्या कल्पनेविरुद्ध नव्हतंच. लोकांनी महागडी उत्पादनं विकत घेतली आणि कामाची रचना बदललीच नाही, हा त्यांचा रोख होता. आम्ही नंतर नियम जिथले तिथे परत केले आणि मधल्या थराकडे पोचवण्याचं आणि भाषांतराचंच काम ठेवलं. पोस्टमनने पत्र उघडून त्यात दुरुस्त्या करायच्या नसतात. उद्या सरकारने असं काही बांधलं तर एवढी गोष्ट पहिल्या दिवसापासून पाळावी.

संदेश पोचला तरी काम होतंच असं नाही, हे आम्हाला त्याहून उशिरा कळलं. आमच्याकडे घरकर्जाचं एक प्रकरण मंजूर व्हायला अकरा दिवस लागत. आम्ही कामाचा प्रवास भिंतीवर काढला: कोण घेतो, कोणाकडे देतो, कोणाच्या सहीसाठी थांबतो. त्या अकरातले नऊ दिवस प्रकरणाला कोणी हातच लावत नव्हतं. ते कोणाच्या तरी यादीत नुसतं पडलेलं असायचं. प्रक्रिया व्यवस्थापन, बीपीएम, म्हणजे मुळात हे चित्र. २०११ मध्ये त्या चित्रांची बीपीएमएन २.० ही प्रमाण लिपी आली आणि तेच चित्र संगणकाला चालवता येऊ लागलं. प्रत्येक टप्प्याला एक जबाबदार माणूस आणि एक घड्याळ. वेळ संपली की प्रकरण आपोआप वरच्याकडे. माणसाचा निर्णय लागतो तिथे माणूस, बाकी ठिकाणी नाही.

घड्याळाने काय होतं याचा दाखला प्रत्येक वाचकाच्या खिशात आहे. एटीएममधून पैसे आले नाहीत पण खात्यातून गेले, तर पाच दिवसांत ते परत यायला हवेत. यूपीआयने पाठवलेले पैसे समोरच्याला पोचले नाहीत तर दुसऱ्या दिवसापर्यंत. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता. रिझर्व्ह बँकेचं हे परिपत्रक २० सप्टेंबर २०१९चं. ते आलं त्या दिवाळीत आम्ही घरी कमी आणि कार्यालयात जास्त होतो. वर्षानुवर्षं ‘तांत्रिक अडचण’ म्हणून चाललेल्या गोष्टी काही महिन्यांत दुरुस्त झाल्या, कारण आता उशिराला किंमत होती आणि ती कोणी भरायची हे लिहिलेलं होतं.

मृत्यूच्या बाबतीत असं घड्याळ नाही असं नाही. बँकेने वारसांचा दावा कागद पूर्ण झाल्यापासून १५ दिवसांत निकाली काढायचा आहे. पण ते घड्याळ वारस खिडकीवर उभा राहून सगळे कागद पुरे करतो तेव्हा सुरू होतं. मृत्यूची नोंद होते तेव्हा नव्हे.

कायदा मात्र पुढे गेला आहे, आणि हे फार थोड्यांना माहीत आहे. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून ती लागू आहे. त्यानुसार देशपातळीवर नोंदींचा एक साठा ठेवायचा आहे आणि मतदारयादी, आधार, रेशन, पारपत्र, वाहनपरवाना, मालमत्ता नोंदणी अशा कामांसाठी तो मंजुरीने उपलब्ध करून देता येतो. जुलै २०२५ मध्ये आधार प्राधिकरणाने सांगितलं की मृत व्यक्तींचे एक कोटीहून अधिक क्रमांक बंद करण्यात आले आहेत. म्हणजे एका बाजूची वाट खुली झाली आहे. त्याच्याही आधी, २००८ मध्ये, सरकारी खात्यांनी एकमेकांशी ठरलेल्या मसुद्यात संदेशांची देवघेव करावी म्हणून राष्ट्रीय पातळीवर एक ‘गेटवे’ उभारला गेला होता. तेव्हा तो वाचून मी आनंदाने घरी सांगितलं होतं की आता आपलं काम सरकारातही येणार.

एप्रिल २०२५ मध्ये आपल्या राज्यात ‘जिवंत सातबारा’ मोहीम झाली. आमच्या गावच्या सातबाऱ्यावर माझ्या सासऱ्यांचं नाव होतं. ते १९९८ मध्ये गेले. सत्तावीस वर्षांनी ते नाव निघालं आणि वारस लागले, त्याबद्दल आमचं घर त्या मोहिमेचं ऋणी आहे. तलाठी कार्यालयातल्या माणसांनी उन्हात फिरून याद्या केल्या. पण वारसांत पहिलं नाव भाऊजींचं निघालं, आणि ते दोन महिन्यांपूर्वी गेलेले. पुन्हा दाखला, पुन्हा अर्ज, आमची आठवी प्रत. मोहीम म्हणजे सत्तावीस वर्षांचे अडकलेले संदेश एकदम उतरवणं. ते करावंच लागतं. पण रोजचा संदेश रोज पोचला नाही तर पुढची मोहीम लागणार, कारण साताऱ्यात काल कोणीतरी गेलं असेल आणि उद्याही जाईल.

जिथे हे जमलं आहे तिथे काय केलं? ब्रिटनमध्ये २०११ पासून ‘टेल अस वन्स’ आहे. मृत्यूची नोंद करताना निबंधक कुटुंबाला एक क्रमांक देतो. त्यावरून एकदा सांगितलं की निवृत्तिवेतन, कर, पारपत्र, वाहनपरवाना आणि स्थानिक परिषद या सगळ्यांना कळतं. एस्टोनियाने २००१ मध्ये ‘एक्स-रोड’ बांधला. तिथे एक अवाढव्य सरकारी गोदाम केलेलं नाही. प्रत्येक खात्याची माहिती त्याच्याचकडे, आणि मधला रस्ता तेवढा सामाईक. सरकारला जे एकदा सांगितलं आहे ते त्याने नागरिकाला पुन्हा विचारायचं नाही, असा तिथे नियम आहे, आणि आपली माहिती कोणी पाहिली हे नागरिकाला बघता येतं.

माझे जुने सहकारी यावर एक शंका काढतात आणि ती खरी आहे. चुकीचा संदेश गेला तर? उत्तर प्रदेशात आझमगड जिल्ह्यातले लाल बिहारी १९७५ पासून कागदोपत्री मृत होते, आणि आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला त्यांना १९९४ उजाडलं. तो काळ कागदाचा होता. चुकीची बातमी अकरा ठिकाणी एका क्षणात पोचली तर एका जिवंत माणसाचं रेशन, निवृत्तिवेतन आणि बँकखातं एका दुपारी बंद पडेल. म्हणून आम्ही बँकेत जाणाऱ्या प्रत्येक संदेशाबरोबर त्याचा उलटा संदेशही आधीच लिहून ठेवायचो. एक पाऊल पुढे टाकणारी आणि तेच पाऊल मागे घेणारी, अशा जोडीशिवाय प्रणाली सुरू करायला मी कधी सही केली नाही. मृत्यूच्या संदेशाने खातं बंद व्हायला नको. त्याने फक्त पुढचा हप्ता थांबावा, घरी एक पत्र आणि एक फोन जावा, ठरलेल्या दिवसांत कोणी हरकत घेतली नाही तर पुढचं पाऊल पडावं. नावाच्या साधर्म्यावर काहीही होऊ नये. शंका आली तर ते प्रकरण माणसासमोर जावं. आणि संदेशात ‘ही व्यक्ती या दिवशी मृत’ एवढंच असावं. मृत्यूचं कारण, दवाखाना, घरचा पत्ता यांच्याशी गॅस एजन्सीला काही देणंघेणं नाही.

संदेश विधवेच्या बाजूनेही वाहायला हवा, हे मी मुद्दाम लिहिते. सध्या मृत्यूची खबर पोचते ती वसुलीसाठी आधी पोचते. नवऱ्याचं निवृत्तिवेतन थांबवणारा संदेश आणि बायकोचं सुरू करणारा संदेश एकाच प्रक्रियेचे दोन भाग असले पाहिजेत. तिचं नाव निवृत्तीच्या दिवशीच कागदावर नोंदलेलं असतं, खातं दोघांचं असतं. दुसरा भाग पुरा झाल्याशिवाय पहिल्या भागातली वसुली करायची नाही, हे चित्रात एका बाणाने दाखवता येतं. तो एक बाण असता तर वहिनींचं दूध अर्ध्या लिटरवर आलं नसतं.

आपल्या वृत्तपत्राकडे माझी विनंती आहे की राज्य सरकारला हे विचारावं: मृत्यूची नोंद झाल्यावर ती बातमी राज्याच्या निवृत्तिवेतन यंत्रणेकडे आपोआप जाते का? जात असेल तर किती दिवसांत, आणि त्या दिवसांची जबाबदारी कोणत्या पदावर आहे? कुटुंब निवृत्तिवेतन आपणहून सुरू होण्याची तारीख कोणती? नवीन ॲपची घोषणा मला नको आहे. आहेत त्या प्रणाल्या पुरेशा आहेत, त्यांच्यामधला रस्ता करायचा आहे. सुरुवात एका जिल्ह्यात, एकाच प्रकारच्या निवृत्तिवेतनापासून, दोनच कार्यालयांमध्ये करता येईल.

आमच्या जिल्ह्यात कोणी ते करणार असेल तर मृत्यूच्या नोंदीतले रकाने आणि निवृत्तिवेतनाच्या नोंदीतले रकाने यांचा नकाशा मी बसून तयार करून देईन. मानधन नको. आठवड्यातले दोन दिवस, मंगळवार आणि शुक्रवार, मी रिकामी असते. माझं नाव, पत्ता आणि दूरध्वनी आपल्या कार्यालयाकडे या पत्रासोबत स्वतंत्र कागदावर दिला आहे. कोणी विचारल्यास जरूर द्यावा.

आपली नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सातारा